टिटवीकडे बोट दाखवू नये

परवा पहाटे साडेपाचला पोळी-भाजी केंद्राच्या ओट्याशी उभी होते. पहिलीच पोळी तव्यावर पडलेली. बाहेर अजून नीट फटफटलं नव्हतं, आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटवरून आवाज आला. टिटिव-टिव, टिटिव-टिव. कुणीतरी घाईघाईनं, जरा रागावून, एकच गोष्ट परत परत सांगतंय असा. माझं लाटणं थांबलं. शेजारी कणीक मळणारी बाई म्हणाली, "अगं बाई, टिटवी! आज काहीतरी वाईट होणार बघ."

मी हसले. तेवढ्यात तव्यावरची पोळी करपली. दिवसभरात वाईट झालं ते एवढंच.

हसले खरी, पण हे हसू मला फार उशिरा आलंय. परभणीकडच्या आमच्या गावात टिटवी घरावरून ओरडत गेली की आई हातातलं काम टाकून देवापुढे उभी राहायची. मी तिचीच लेक. तिचा रंग घेतला, तिचे केस घेतले, आणि तिची भीती तर तिच्यापेक्षा चार मापं जास्तच घेतली. सातवीत शाळा सुटली, ती का सुटली हे सांगण्यात काही अर्थ नाही, आमच्याकडे मुलींच्या शाळा सुटायच्या, बस. पुढे लग्न झालं, ह्यांना तळोज्याच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं आणि आम्ही नवीन पनवेलला आलो. गाव इतकं लांब की संध्याकाळी गाडीत बसलं तर दुसऱ्या दिवशी पोचायचं. इथे आल्यावर माझ्या भीतीला मोकळं रान मिळालं. गॅस बंद केलाय का? कुलूप नीट लागलंय का? आईचा फोन का आला नाही? आला तर एवढ्या सकाळी का आला? जिना उतरून खाली आले की मी परत वर जायची. एकदा बसस्टॉपवरून परत गेले. शेवटी ह्यांनी एक उपाय काढला. घरातून निघताना बंद गॅसच्या बटणाचा आणि कुलपाचा मोबाईलवर फोटो काढायचा. "रस्त्यात वाटलं तर फोटो बघ, जिना नको चढूस," म्हणाले. अजूनही माझ्या मोबाईलमध्ये नातेवाइकांपेक्षा गॅसच्या बटणाचे फोटो जास्त आहेत.

मग छातीत धडधडायला लागलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, बघितली, म्हणाले, हृदय उत्तम आहे, डोकं जास्त चालतंय, आता पाय चालवा.

पाय चालवायला मला खाडी मिळाली, ती सावंत सरांमुळे. आमच्या केंद्रातून त्यांना डबा जायचा. शाळेतून निवृत्त झालेले, एकटे, भाजीत मीठ कमी पडलं तर चिठ्ठी लिहून पाठवणारे. रविवारी ते पाच-दहा माणसांना घेऊन खाडीकाठच्या एका राखीव जागेत पक्षी बघायला जायचे. मी डबा द्यायला गेले असताना धाप लागलेली बघून म्हणाले, "तुम्ही या आमच्याबरोबर. एवढ्या पोळ्या लाटता, थोडं जग पण बघा." मला वाटलं, तिथे शिकलेली माणसं असणार, इंग्रजी नावं घेणार. मी गेले तरी कोपऱ्यात उभी राहणार. तरी गेले. नाही म्हणायची भीती वाटली म्हणून गेले, हे खरं कारण.

ती जागा म्हणजे जुनं मिठागर. मीठ पिकवणं थांबलं, बांध फुटले, खाडीचं पाणी आत शिरलं, कडेनं तिवरांची झाडं वाढली आणि कुणी न बोलावता पक्षी आले. आता गावातल्या बायकांचा गट फाटक सांभाळतो. फाटकावर हिरामावशी. साठी उलटलेली, काष्टा घट्ट, तोंडात मशेरी, नजर कस्टमवाल्यासारखी. पहिल्या दिवशी मी चांगलं दिसावं म्हणून लग्नातली केशरी साडी नेसून गेले होते. मावशीनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"काय गो, वरात आयली काय? नवरा कुठं हाय?"

सगळे हसले. मी रडकुंडीला. मावशीनं तिच्या खुर्चीवरची मातकट रंगाची जुनी ओढणी काढून माझ्या अंगावर टाकली. "घे. आता पाखरांना तू ढेकूळ वाटशील. कुठची तू?"

"परभणीची."

"तिथं खाडी हाय?"

"नाही. काळी माती आहे."

"मंग चिखल तुला काय नवा? जा. पिशवी इथं ठेव. चिवडा पोटात ने, पिशवी नको."

त्या दिवसापासून मी तिची परभणी झाले. माझं खरं नाव तिनं आजतागायत विचारलेलं नाही.

ओहोटी होती. उघडा पडलेला चिखल उन्हात शिसवी लाकडासारखा चमकत होता, आणि त्याचा वास, खारट, जरा कुजका, जरा शेवाळी, पहिल्यांदा नाकाला झोंबला आणि नंतर कधी आवडायला लागला ते कळलं नाही. गप्प उभं राहिलं की चिखल बोलतो. चुट चुट चुट, हजार ठिकाणी. बारके खेकडे बिळाबाहेर येतात, एकच मोठी नांगी हलवतात, जणू लांबून कुणाला तरी हाका मारतायत. पलीकडे रोहित पक्षी. मला वाटलं होतं, भडक गुलाबी असतील. ते तर धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्याच्या रंगाचे होते. माना खाली घालून, चोच उलटी करून चिखल चाळत होते, आणि त्यांचा सगळ्यांचा मिळून एक आवाज येत होता. दूरच्या मांडवात पंगत बसल्यावर येतो ना, तसा. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. घरी परतताना बसमध्ये लक्षात आलं, सकाळपासून मी गॅसचा फोटो एकदाही बघितला नव्हता.

तिथल्या कुणी मला कितवी शिकलीस म्हणून विचारलं नाही. सावंत सर शेकाट्या दाखवायचे, लाल काडीसारखे पाय असलेला. चिखल्या दाखवायचे, पळता पळता थबकणारा. नावं मराठीत सांगायचे आणि ती नावं अशी की एकदा ऐकली की विसरणं नाही. शेकाट्याचे पाय काटक्यांसारखे, चिखल्याची वस्ती चिखलात. हे आम्हाला शाळेत का नाही शिकवलं, असं वाटायचं. मग आठवायचं, शिकवलं असेल आठवीत.

दोन-तीन महिन्यांनी सरांनी मला काम दिलं. रांगेत सगळ्यात शेवटी चालायचं. "पुढे मी आहे. मागे विश्वासाचं माणूस हवं," म्हणाले. शेवटच्या माणसाचं काम काय, तर कुणी मागे राहिलं नाही ना बघणं, कुणी बांध सोडून चिखलात उतरलं नाही ना बघणं, चॉकलेटचा कागद पडला तर उचलणं, फोन वाजला तर डोळ्यांनी दटावणं. थोडक्यात, सतत काळजी करणं. आयुष्यभर ज्या स्वभावासाठी बोलणी खाल्ली, त्याला पहिल्यांदा कुणीतरी कामाला लावलं होतं. माझ्या काळजीला जणू नोकरी लागली. मी इतकी खूष होते की रविवारी ह्यांच्यासाठी शिरा करून ठेवून निघायची.

पण धाकधूक होतीच. असं चांगलं काही आपल्याला मिळालं की ते कुणीतरी परत मागेल असं मला वाटतं. एकदा मोठ्या कॅमेऱ्याचे एक गृहस्थ आले होते. रोहित शांत चरत होते, गृहस्थांना मात्र उडतानाचा फोटो हवा. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि जोरात टाळी वाजवली. रोहितांची पुढची ओळ दचकून दोन पावलं सरकली. मी मागून धावत गेले. "दादा, टाळी नको. ते सकाळपासून जेवतायत, त्यांना ताटावरून उठवू नका."

"तुम्ही इथल्या अधिकारी का? किती शिकलाय?"

माझे कान गरम झाले. "सातवी," मी म्हणाले. "पण दादा, ती पाखरं तर अंगणवाडीत पण गेली नाहीत. त्यांना कळली ना टाळी."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गृहस्थांनी हात खाली घेतले. फाटकावर मावशीला ही गोष्ट कळली तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "परभणीला तोंड हाय गो! मला वाटलं, नुसते डोळे हायेत."

मग तो वैशाख आला. मला आता सगळे वैशाख त्याच्यावरूनच आठवतात.

ऊन असं की बांधावर मिठाची पांढरी साय धरलेली, पायाखाली पापडासारखी मोडायची. आम्ही मधल्या बांधावरून चाललो होतो. रोहित बघायच्या जागी जायची ती जवळची वाट. पुढची माणसं बोलत पुढे गेली. मी शेवटी. एक टिटवी माझ्यापुढे दहा पावलांवर पंख ओढत, लंगडत चालायला लागली. मला सोंग ओळखू आलं. वडिलांबरोबर वखरामागे चालताना हे सोंग मी कितीदा बघितलं होतं. टिटवी लंगडली की पावलं तिथेच थांबवायची आणि खाली बघायचं. बघितलं. बांधाच्या कडेला, पावलापासून हातभर अंतरावर, वाळक्या चिखलाच्या ठिकऱ्या आणि मिठाचे खडे गोल मांडलेले, त्यात चार अंडी. मातकट, काळे शिंतोडे उडालेली. टोकं आत, बूड बाहेर.

माझ्या वडिलांचा आवाज कानात आला. आमच्याकडे वैशाखात रान तयार करताना टिटवीची अंडी सापडली की वडील बैल थांबवायचे. अंडी मोजायचे. चार असली की खूष. चार अंडी, चार महिने पाऊस. उंचवट्यावर असली तर आणखी खूष, पाणी भरपूर. "पावसाळा पोटाखाली घेऊन बसलीय ती," म्हणायचे. मग अंड्यांभोवती दगड मांडायचे, एक तुराटी रोवायची, तिला आईच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधायची, आणि तिथून वखर वळवून न्यायचे. काळ्या रानात तेवढा एक ताटाएवढा तुकडा तसाच राहायचा, मध्ये चिंधी फडफडत. पिल्लं पळाली की मगच तो तुकडा वखरायचा.

मग मी दुसरं काय करणार? आमची फेरी संपल्यावर पाणी प्यायच्या निमित्तानं मागे राहिले. पांढरे दगड गोळा करून अंड्यांभोवती, बेताच्या अंतरावर, गोल मांडले. तिवराची वाळकी काठी रोवली. रुमाल लाल होता, त्याची पट्टी फाडून बांधली. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत शिव्या देत होती. मी तिला म्हणाले, "बाई, तुझ्याचसाठी चाललंय." बसमध्ये बसल्यावर छाती भरून आली. इतके दिवस ह्या जागेनं मला दिलं, आज मी ह्या जागेला काहीतरी दिलं. कुणाला सांगितलं नाही. चांगलं काम सांगायचं नसतं, असं आई म्हणायची.

पुढच्या रविवारी फाटकात शिरतानाच टिटवीचा आवाज ऐकू आला. एकसारखा, चिरका, श्वास न घेता ओरडल्यासारखा. मधल्या बांधावर बारा-पंधरा माणसं. आमच्या फेरीतली नव्हती. कुणी गुडघे टेकलेले, कुणी मोबाईल खाली धरून अंड्यांवर नेलेला. माझी लाल चिंधी मध्ये मजेत फडफडत होती. मी घाबरतच एकाला विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तो कौतुकानं म्हणाला, "ग्रुपवर फोटो आला ना! लाल चिंधीची खूण, सरळ या म्हणून. फार सोपं झालं."

अकरा वाजत आले होते. ऊन अंगावर ओतत होतं. टिटवी पाण्यावरून उडत आली, पाच पावलांवर उतरली, पुढे पळाली, माणसं बघून वळली, परत उडाली. तिच्या पोटाची पिसं ओली होती. थेंब गळत होते. मला वाटलं, घाबरून पाण्यात पडली की काय. परत गेली, परत ओली होऊन आली, परत तिला जागा मिळाली नाही.

तेवढ्यात हिरामावशी फाटकावरून झपाझप आली. मला वाटलं, आता ही सगळ्यांना फाडून खाणार. पण ती आल्या आल्या हसली. "अरे, तुमी इथं काय करतांव? भरती चढली, तिकडं सगळे रोहित काठाला आयलेत! एवढे जवळ! पाच मिनिटांनी जातील, मंग मला नका सांगू." पंधराच्या पंधरा माणसं कॅमेरे सांभाळत पळाली. बांध रिकामा झाला. आम्ही दोघी लांब सरकलो, आणि टिटवी उतरली, पळत आली, अंड्यांवर हलकेच बसली, ओलं पोट इकडून तिकडे घासलं.

"पानी आनते ती," मावशी खालच्या आवाजात म्हणाली. "ह्या उनात अंडी शिजतील ना. पोट भिजवायचं, येऊन बसायचं, परत जायचं. दिसभर." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "ती काठी कुनी लावली?"

गप्प राहता आलं असतं. बांधावर रोज माणसं येतात, कुणीही लावली असती. आता ही म्हणणार, परभणी, उद्यापासून येऊ नकोस. रविवार गेला, शेवटची जागा गेली, ती मातकट ओढणी गेली. आणि चार अंडी गेली तर ती माझ्याच हातानं गेली.

"मी लावली," म्हणाले.

"कयाला?"

"वाचावीत म्हणून. आमच्याकडे असंच करतात." आणि मग वडील, वखर, तुराटी, चिंधी, चार महिन्यांचा पाऊस, सगळं भडाभडा बाहेर आलं. मावशी अर्धं माझ्याकडे, अर्धं टिटवीकडे बघत ऐकत राहिली.

"तुझ्या बापाच्या रानात तुझा बाप सोडून कोन जायचं?"

"कोणी नाही. आम्हीच."

"मंग. तिथं खून बघनारा एकच, आन तो चांगला. इथं गावभर बघनारे." तिनं मशेरीची पिंक बाजूला टाकली नाही, गिळली. टिटवी उठेल म्हणून, हे मला नंतर कळलं. "आमी डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन याच बांधावरनं जायचो. बारा बाया, एकामागं एक. पुढच्या बाईला अंडी दिसली, की ती बोलायची नाय, थांबायची नाय. गुमान वळायची, लांबच्या बांधावरनं जायची. मागची तिच्या मागं. कुनी इचारायचं नाय. मुकादम वरडायचा, आज खेपा कमी का? आमी सांगायचो, पायात काटा मोडला."

"सगळ्यांच्या?"

"बाराच्या बारा." ती हसली, दात दिसले नाहीत, पण डोळे दिसले. "महिनाभर मोडलेला असायचा काटा. आन बोट दाखवायचं नाय. काकडीच्या कोवळ्या फळाला बोट दाखवलं की काय होतं?"

"सडते," मी म्हणाले. आमच्या परसातही हेच सांगायचे. चुकून बोट गेलं तर ते बोट दातात धरायचं.

"तसंच हाय. तुझी ती चिंधी म्हंजे बोट. दिसभर दाखवलेलं."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पाखरू स्वतःहून पाण्याकडे गेल्यावर, आम्ही काठी उपटली, दगड चहूकडे फेकले. मावशीनं मधल्या बांधाच्या तोंडाशी एक फुटकी होडी आडवी ओढून ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायला सुरुवात केली, बांध पोकळ झालाय, पाय जाईल. मला म्हणाली, "आता बघायला जायचं नाय. मी बी जानार नाय. पिल्लं निघाली तर मला सांगू नको, नाय निघाली तर बी सांगू नको."

"मावशी, मी आता येऊ की नको?"

"कुठं?"

"इथे. रविवारी."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं भाजीत मीठ घालू का असं कुणी मिठागरात विचारावं. "शेवटाला कोन चालंल मंग? तुझा नवरा?"

नंतरचे तीन आठवडे. ते मी कसे काढले ते माझं मला माहीत. लाटण्याखाली पोळी फिरायची आणि डोळ्यांपुढे चार मातकट अंडी. गॅसचा फोटो असतो, कुलपाचा असतो, अंड्यांचा फोटो काढायचा नव्हता. जाऊन बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. हे म्हणाले, "एकदा लांबून बघून ये की." पण लांब म्हणजे किती लांब? एक पाऊल, मग आणखी एक. माझा स्वभाव मला माहीत आहे. बघून आल्यावर बरं वाटतं ते मला. तिला नाही. एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरायला मला चाळीस वर्षं आणि एक पक्षीण लागली. रविवारी रांग घेऊन आम्ही लांबच्या बांधावरून जायचो, आणि मी माझे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून चालायचे, न जाणो, बोट वर जाईल.

मिठागरवाल्यांना पाऊस नकोसा असतो, हेही त्याच दिवसांत कळलं. मी म्हणाले, चार अंडी, चार महिने पाऊस, तर मावशीनं कानावर हात ठेवले. "मिठाच्या राशी झाकेपर्यंत आमी पावसाला शिव्या द्यायचो गो. टिटवी उंचावर बसली की आमच्या पोटात धस्स." एकच पाखरू, तीच चार अंडी. माझा बाप बघून हसायचा, मावशीची माणसं बघून घाबरायची. आणि तरी दोघं वळसा घालूनच जायची.

चौथ्या रविवारी आकाश भरून आलं होतं. आम्ही लांबच्या बांधावर होतो. मधल्या बांधाखाली, पाण्याच्या कडेला, काहीतरी घरंगळलं. कापसाचा बोळा, त्याला दोन काड्या लावलेल्या. पळाला, थबकला, दिसेनासा झाला. त्याच्या मागे दुसरा. मग बराच वेळ काही नाही. मी श्वास धरून उभी. मग तिसरा. टिटवी बाजूला उभी राहून एकच बारीक आवाज काढत होती, आणि त्या आवाजासरशी तिघं जमिनीला चिकटून जायची. मी वाट बघितली. रांग पुढे गेली, सरांनी वळून बघितलं, तरी मी वाट बघितली. चौथं आलं नाही.

ते कदाचित आधीच पाण्याकडे गेलं असेल. कदाचित त्या अकराच्या उन्हात शिजलं असेल. मी मावशीला सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. फाटकातून बाहेर पडताना तिनं माझा चेहरा बघितला, आणि माझ्या हातात तिच्याकडचे दोन कोकमाचे गोळे ठेवले. त्या वर्षी पाऊस तीन महिने पडला की चार, ते मी मोजलं नाही. मोजायचं धाडस झालं नाही.

आज ह्या जागेवरून रोज विमानं जातात. चोहीकडे टॉवर उभे राहिलेत. तरी भरती-ओहोटी तिच्या वेळेला येते आणि रोहित चिखल चाळतात. लोक पूर्वीपेक्षा जास्त येतात, आणि खरं सांगू, मला त्यांचा राग येत नाही. माझ्यासारखेच असतात. कुणाची छाती धडधडत असते, कुणाला डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं असतं. यावं त्यांनी. मातकट कपडे घालून यावं, पोटात चिवडा घेऊन यावं, बांध सोडू नये, टाळी वाजवू नये, आणि एखादी गोष्ट दिसली नाही तर तिला न दिसू द्यावं. ह्या लेखात गावाचं नाव लिहिलेलं नाही, बांध कुठला तेही नाही. तेवढं समजून घ्या. चिंधी एकदा बांधली, परत बांधणार नाही.

सावंत सरांचे गुडघे आता कुरकुरतात. ते फाटकावर मावशीशेजारी बसून तिच्याशी मिठावरून भांडतात. गेल्या रविवारपासून रांगेच्या पुढे मी चालते. पुढे चालणं मला जमेल का, ह्या भीतीनं आदल्या दिवशी जेवण गेलं नाही. पंचवीस माणसं होती. मधल्या बांधाच्या तोंडाशी आलो, ती होडी आता तिथे नाही, आणि मला दहा पावलांवर एक टिटवी लंगडताना दिसली.

मागून एका ताईंनी विचारलं, "मॅडम, इथे टिटवीचं घरटं असतं म्हणे. दाखवाल का?"

माझे हात पाठीमागेच होते. मी वळले, लांबच्या बांधाला लागले. "सावकाश चालू या," म्हणाले, "माझ्या पायात काटा मोडलाय."

पंचवीस माणसं गुमान माझ्या मागे वळली. अर्ध्या तासानं वळसा घालून फाटकाशी पोचलो, तर हिरामावशीनं आम्ही कुठल्या बाजूनं आलो ते बघितलं, माझी ताठ चाल बघितली, आणि पाण्याचा तांब्या पुढे करत एवढंच विचारलं, "कुठल्या पायात?"

मी खाली बघितलं. मला आठवेना मी कुठला पाय सांगायचा ठरवला होता.

"दोन्ही," म्हणाले.